आत्याने सांगितलेली शेवटची कादंबरी

आत्याला कादंबरीतल्या माणसांची नावं लक्षात राहत नसत. खरं तर ती ठेवतच नसे. नायक असला तर "आपल्या दादासारखा, उंच आणि घुम्या", सासू असली तर "आपली काकी, पण दात शाबूत असलेली". घर कोल्हापूरचं असो की कलकत्त्याचं, त्यातलं स्वयंपाकघर आमचंच असे: बोरीवली पूर्व, तिसरा मजला, खिडकीतून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसणारं.

माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही. बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आली आणि शेवटपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, राहिली. स्टेशनजवळच्या वाचनालयातून दर शनिवारी एक कादंबरी आणायची. दुपारी दीड ते तीन वाचन, रोज चाळीस पानं, खूण म्हणून जुन्या लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी. रात्री जेवताना ती चाळीस पानं आम्हाला सांगायची. आम्ही म्हणजे मी, माझी बायको नीता आणि मुलगी सई. तेवढा वेळ टीव्ही बंद.

नुसतं ऐकून सुटका नसे, मत द्यावं लागे. "तू असतीस तर काय केलं असतंस गं?" सई आठवीत असताना एकदा म्हणाली, "मी त्या काकीला सरळ सांगितलं असतं, गप बस ना यार." आत्या म्हणाली, "काकीला यार म्हणणार असशील तर आधी तीच तुला गप बसवेल." मी बहुधा चुका काढायचो. नायक आठ वर्षं परदेशात, मग मुलगा सहा वर्षांचा कसा? आत्या नीताकडे बघून म्हणे, "ह्याला समुद्रावर नेलंस तर हा लाटा मोजत बसेल."

घरातलं बोचणारं काही ती तोंडावर बोलत नसे. सईला दहावीच्या सराव परीक्षेत गणितात एकोणतीस मिळाले, तेव्हा मी चार दिवस तिच्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी कादंबरीतल्या एका बापाने मुलीशी अबोला धरला. सईने ताटातून मान वर केली.

"आजी, हे पुस्तकात आहे की आपल्याकडे?"

"पुस्तकात. पान एकशे बारा."

मी विश्वास ठेवला. महिन्याला चार कादंबऱ्या म्हटल्यावर एखादी आपल्या घराशी जुळणारच, असा माझा हिशेब होता. अबोला मात्र त्याच रात्री सोडला.

सई बारावीत होती त्या वर्षी, दिवाळीनंतर, आत्याने एक कादंबरी सुरू केली ती संपेचना. एका बाईची होती. बाई घरातलं सगळं करते, पण फळीवरचे डबे हल्ली उजव्या हातानेच काढते. डावा हात खांद्याच्या वर नेत नाही. दोरीवर कपडे टाकायचे असले की मुलीला हाक मारते. डाव्या कुशीवर झोपत नाही.

"मग डॉक्टरकडे का जात नाही ती?" सईने विचारलं.

"मुलीची परीक्षा आहे. ती होऊ दे म्हणते."

मी भात कालवत होतो. आत्या माझ्याकडे वळली. एरवी ती आमच्यासारखंच बोलायची. मालवणी यायची ती फक्त तापात किंवा रागात. त्या दिवशी ती ना तापात होती ना रागात.

"तुका काय वाटता रे?"

"नवरा मूर्ख आहे," मी म्हणालो. "एका घरात राहून त्याला महिनाभर कळत नाही म्हणजे काय? पटत नाही."

"ह्यांना काहीच पटत नाही," नीता हसून म्हणाली आणि पाणी आणायला उठली. तांब्या तिने उजव्या हाताने उचलला असणार. मी पाहिलं नाही.

आत्याने त्या बाईला आणखी दोन आठवडे चालवलं. शेवटी मीच म्हणालो, "आत्या, हे पुस्तक बदल आता. नुसतं रडगाणं आहे." दुसऱ्या दिवसापासून एका चोरीची कादंबरी सुरू झाली.

सईचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी नीताने मला सांगितलं. गाठ तिला गणपतीत लागली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हात कधीपासून वर जात नाही, वजन कधीपासून उतरतंय. घरातल्या विजेच्या मीटरचे दहा वर्षांचे आकडे माझ्याकडे लिहिलेले होते. ह्यातलं एकही उत्तर मला देता आलं नाही. नीताने सगळं सांगितलं. त्यानंतर ती चौदा महिने जगली.

तेराव्यानंतर मी आत्याला म्हटलं, "ते बाईचं पुस्तक मला आणून दे."

ती तांदूळ निवडत होती. "तसं पुस्तक नाही."

"म्हणजे?"

"नीता कपडे बदलत होती, तेव्हा मी पाहिलं. तिने मला सईच्या डोक्यावर हात ठेवायला लावला, कोणाला सांगणार नाहीस म्हणून. पोरगी अभ्यास करता करता झोपली होती. ती शपथ मोडवेना. म्हणून असं सांगितलं."

"सरळ सांगायचं होतंस."

"हो," ती म्हणाली. बराच वेळ तांदळात बोटं फिरवत राहिली. "मूर्ख नवरा एकटाच नव्हता रे. घरात एक म्हातारीपण होती. ती मी गोष्टीत घेतलीच नाही."

पुढची सहा वर्षं ती वाचत होती, पण आम्हाला एकही कादंबरी सांगितली नाही. जेवताना टीव्ही चालू असायचा. गेल्या वर्षी ती गेली. तिच्या उशाशी वाचनालयाचं पुस्तक होतं, पट्टी चाळिसाव्या पानावर. परत करण्याआधी मी ते पुरं वाचलं. तेव्हापासून दर शनिवारी मी एक आणतो. नावं माझ्याही लक्षात राहत नाहीत. स्वयंपाकघर आमचंच दिसतं. कोणी बाई फळीवरचा डबा काढत असली, की मी थांबतो आणि कोणत्या हाताने ते लिहिलंय का बघतो. लेखक बहुधा लिहीत नाहीत.

सईचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. ती मुलुंडला असते. परवा संध्याकाळी साडेसातला तिचा फोन आला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, असं सगळं झालं. मग म्हणाली, "बाबा, एक सिरीज बघतेय. त्यातली मुलगी ऑफिस सुटलं तरी वर घरी जात नाही. बिल्डिंगखालच्या बाकावर बसून राहते, घरातला दिवा बंद होईपर्यंत."

तिच्या मागे कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

तिने स्कूटर जाऊ दिली. मग म्हणाली, "तीन आठवडे."

मी सिरीजचं नाव विचारलं नाही. पायात चप्पल सरकवली, किल्ली घेतली.

"त्या बाकावरच बस," मी म्हणालो. "मी निघालो."