सगळ्यांचा एकच पेशंट

वहिनीला ऑफिसात ‘खोडरबर’ म्हणतात. नाव साहेबांनी पाडलं, सारखी चुका खोडत असते म्हणून. हॉस्पिटलच्या औषधखिडकीवर चालणारं सॉफ्टवेअर ही मंडळी बनवतात आणि ते बरोबर चालतंय का, हे बघणाऱ्या चाचण्या वहिनी लिहिते. चाचण्या आपोआप धावतात. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. लाल दिसलं की ऑफिसचा रिवाज ठरलेला: “परत चालव.” परत चालवलं की बहुतेकदा हिरवं होतं आणि मंडळी चहाला मोकळी होतात.

त्या शनिवारी घरी वहिनीचा चहा टेबलावर गार पडला होता. नवं सॉफ्टवेअर सोमवारी हॉस्पिटलात जायचं होतं आणि त्याला तिचा होकार हवा होता. ती उठली, फ्रिज उघडला, काही न घेता लावला, घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घातली.

“बस की जरा,” दादा म्हणाला. “फरशी झिजेल.”

“एकटी चालवली की चाचणी पास. सगळ्यांबरोबर चालवली की कधी पास, कधी नापास. असं कसं?”

“माझ्यासारखं. घरात शहाणा, तुझ्या माहेरी गेलो की नापास.”

ती हसली नाही. माझ्याकडे वळली. “तुमच्या नाटकात पहिल्या प्रयोगात फुटलेला कप दुसऱ्या प्रयोगाला तसाच स्टेजवर पडलेला असेल तर?”

“मॅनेजर आमची बिनपाण्याने करेल.”

“आमच्याकडे रोज तेच चाललंय. नोंदींचा डेटाबेस सगळ्या चाचण्यांचा एक, आणि त्यातला खोटा पेशंटही एकच! एक चाचणी त्याला दाखल करते, दुसरी त्याच्या फाईलमध्ये फेरफार करते, तिसरी घरी पाठवते. मागचं कुणी आवरत नाही. पुढची येते ती पसाऱ्यातच.”

मग ती बसली खरी, पण पाय टेबलाखाली हलतच होता. प्रत्येक चाचणीला स्वतःचा पेशंट दिला. काम झालं की तो पुसून टाकायचा, डेटाबेस पुन्हा कोरा. दुपार कलली तेव्हा तिने सगळ्या चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या झाल्या, एक सोडून. परत चालवली. लाल. एकटी चालवली. लाल. क्रम उलटा केला, तरी लालच.

“अगं बाई!” वहिनी उभीच राहिली आणि तिने साहेबांना फोन लावला, स्पीकरवर.

“सर, सोमवारी नाही देता येणार.”

“अहो, लाल आलं असेल तर परत चालवा ना!”

“चालवलं. लालच आहे.”

“काल तर सगळं हिरवं होतं. आज काय उचापती केल्या?”

“पसारा आवरला.”

“म्हणूनच बिघडलं. जुन्या चाचण्या ठेवा परत. मी हॉस्पिटलला शब्द दिलाय.”

“सर, तुमच्यासमोर नवं सॉफ्टवेअर उघडं आहे ना? एक नवा पेशंट नोंदवा. नोंदवतानाच लिहा, पेनिसिलिनची ॲलर्जी. आता त्याला पेनिसिलिनच द्या.”

कळा दाबल्याचा आवाज आला.

“दिलं याने,” साहेब म्हणाले. “मुकाट दिलं. इशाराच नाही.”

“ॲलर्जीचा इशारा फाईल नंतर बदलली तरच येतो. त्या एकट्या पेशंटची फाईल दुसऱ्या चाचणीने आधीच बदललेली असायची, म्हणून इशारा यायचा, म्हणून हिरवं.”

“थांबवा,” साहेब म्हणाले. “सोमवारचं थांबवा.”

मला वाटलं, सुटली. पण वहिनीचा चेहरा आणखीच उतरला. “सर, आत्ता तिथे जे जुनं चालू आहे, त्यात तरी येतो का इशारा?”

“ते बघावं लागेल.” तिने फोन ठेवला आणि थेट हॉस्पिटलच्या औषधखिडकीला फोन लावला. तिथल्या बाईंना तसंच करून बघायला लावलं. वाट बघताना तिने टॉवेल पिळायला घेतला, कोरडाच.

“आली बाई इशाऱ्याची लाल चौकट,” पलीकडून आवाज आला. “का हो?”

वहिनीने टॉवेल सोडला आणि ती खुर्चीत टेकली. “काही नाही. हेच चालू ठेवा. नवं सोमवारी येणार नाही.”

“परत पुढे ढकललं? सगळ्यांना ट्रेनिंगला बोलावलंय मी! तुमच्या लोकांना लाज कशी वाटत नाही हो?”

वहिनी मान डोलावत सगळं ऐकत राहिली. “बरोबर आहे तुमचं. बोला, बोला,” म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने तो गार चहा पिऊन टाकला.