पोरींना शिक्षा द्या

कुठली घोषणा कानावर आली की मी आधी विचारते, हे कोणावर ओरडताहेत? ही सवय मला मायची लागली. कशी, ते सांगते.

तेव्हा राज्यं तोडायची-जोडायची धामधूम होती. बुऱ्हाणपुरात कोणी म्हणायचं आपण महाराष्ट्रात जाणार, कोणी म्हणायचं छे, आपला कारभार हिंदीतच. आम्हा केळीवाल्यांना विचारायला काही कोणी आलं नाही. मी शाळेच्या वयाची झाले होते. बाबांनी पाटी आणून ठेवली होती, ती मी उशाशी घेऊन झोपायची. फक्त मायनं हो म्हणायचं राहिलं होतं.

एका सकाळी गल्लीत प्रभातफेरी आली. पुढे गुरुजी, मागे पोरं. गुरुजी ओरडायचे, "हर बच्ची को," की पोरं म्हणायची, "शिक्षा दो."

माय अंगण सारवत होती. तिचा हात थांबला.

"अहो, ऐकलं का? पोरींना शिक्षा द्या म्हणतात."

बाबा हसले. "अगं, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण."

"मला नका शिकवू हिंदी. बाजारात रोज बोलते मी. तिथं पढाई म्हणतात. पढाई म्हणायला यांचं तोंड दुखतं का?"

"ही सरकारी हिंदी आहे."

"मग तर जास्तच बघून घ्यायला पाहिजे."

"घोषणा आहे ती. तिचा एवढा कीस काहून काढतेस?"

"हर हर महादेव ओरडतात तेव्हा समोर दुश्मन असतो," माय म्हणाली. "हे माझ्या दाराशी येऊन ओरडतात. दारात कोण आहे? मी आणि ही पोर."

मी रडकुंडीला आले. शेवटी बाबा म्हणाले, "एकदा शाळा बघून ये, मग बोल."

मायनं शेणाचे हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि मला घेऊन निघाली. शाळा जुनीच होती, पण त्या वर्षापासून तिथं सगळं हिंदीतून चाललं होतं. आम्ही वर्गाच्या दाराशी उभ्या राहिलो. फळ्याजवळ माझ्याएवढी एक मुलगी अंगठे धरून वाकलेली. तिची वेणी फरशीला टेकली होती.

"हिनं काय केलं?" मायनं विचारलं.

फेरीतलेच गुरुजी होते. "पहाड़ा पूछो तो बे एके बे बोलती है. दो एकम दो बोलना है, कितनी बार बताया." मग माझ्याकडे बघून प्रेमानं म्हणाले, "इसको भी लाई हो? अच्छा किया. शिक्षा तो सबको मिलनी चाहिए."

मायनं माझं मनगट धरलं ते घरापर्यंत सोडलं नाही. बाबा वाट बघत होते. ती एवढंच म्हणाली, "दोन्ही अर्थ खरे निघाले."

मी शाळेत गेले नाही.

पुढं कोणी तरी ती घोषणा नदीवरच्या राजघाटाच्या वाटेवर एका भिंतीवर गेरूनं लिहिली. बाबांनी ती काय आहे ते सांगितलं, आणि बोल तर मला पाठच होते. धुणं घेऊन जाता-येता मी एकेक बोल एकेका अक्षराला लावून बघायची, घरी येऊन पाटीवर गिरवायची. लोक क पासून सुरू करतात, मला शिक्षातला क्ष आधी आला. तिथून बाकीचं सगळं आलं.

मायचं बरोबर होतं का, ते मला आजही ठरवता येत नाही. त्या वाकलेल्या मुलीला पुढं दो एकम दो नक्की आलं असणार. मी अजून हिशेब करते तो बे एके बे असाच, आणि तेही हळू आवाजात.