फोटोतली पाण्याची धार

भुताखेतांच्या गोष्टी मी नेहमी हसण्यावारी नेल्या. फिजिक्सची विद्यार्थिनी, त्यात स्वभावाने भांडकुदळ! तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही...

२००३ चा डिसेंबर. नाशिकच्या आमच्या कॉलेजातून आम्ही सहा जणी दक्षिण आफ्रिकेला अभ्यासदौऱ्यावर गेलो होतो. तिथल्या एका जुन्या तुरुंगाचं आता म्युझियम केलंय. वर्णभेदाच्या काळात तिथे गोरे, काळे, आपले भारतीय — सगळ्या कैद्यांना वेगळं जेवण, वेगळी दारं. पाट्या वाचून माझं डोकं तापलं. कसली ही माणसं, असं मी मोठमोठ्याने बोलत होते.

तिकडे डिसेंबरात उन्हाळा, ऊन मरणाचं होतं. मागच्या अंगणात पांढऱ्या एप्रनमधली एक गोरी बाई पाण्याचा जग घेऊन उभी दिसली. मी पाणी मागितलं. तिने ग्लास दिला नाही, जग उंच धरला. आणि मी... मी वाकून ओंजळ पुढे केली. मुकाट्याने प्यायले. वर पाहिलं तर अंगणात कोणीच नव्हतं.

मैत्रीण वैशाली कॅमेरा घेऊन दारातच होती. ती म्हणाली, तू एकटीच वाकली होतीस, गंमत म्हणून फोटो काढला. रोल नाशिकला धुतला. फोटोत मी, माझी ओंजळ आणि वरून पडणारी पाण्याची धार. बाई नाही, जग नाही. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उलटीपालटी करून पाहिली, त्यालाही काही सांगता आलं नाही.

गावी, सायखेड्याला, आमच्या मळ्यात आईने फोटो पाहिला आणि सहज म्हणाली, "हौसावानी काय वाकली गं पाणी प्यायला?"

हौसा म्हणजे दरवर्षी सुरगाण्याहून आमच्या द्राक्षांच्या कामाला येणारी आदिवासी बाई. तिला आमच्याकडे पाणी वरूनच ओततात. मी लहानपणापासून बघत आले... कधी खुपलं नाही. त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्यापासून हौसा आपल्या ग्लासातून पिणार, मी ठरवलं.

सकाळी ग्लास भरून नेला. तिने हात मागे घेतले.

"नको ताई. मालकीण बघत्यात. तुमी चार दिसांनी कॉलेजला जाल, मला हितंच काम करायचंय."

आई खरंच ओट्यावरून बघत होती. हौसाने ओंजळ धरली. मी ग्लास उंच केला आणि पाणी ओतलं.

फोटो अजून माझ्याकडे आहे. ती बाई कोण, धार कुठून आली, आजही उलगडा झालेला नाही. आणि ग्लास नेमका किती उंच धरायचा, हे त्या दिवशी कुणालाही मला सांगावं लागलं नाही. मला भीती वाटते ती त्याची.