एकदम ओतलेलं मेथॅनॉल

मी सूड घेतला आणि तो मला गोड लागला. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे साळसूदपणा करायची मला सवय आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी सरांच्या हाताखाली संशोधन करत होतो. एका बुरशीचं जनुक आम्ही यीस्टमध्ये घातलं होतं. यीस्ट वाढलं की बुरशीचं एन्झाइम बाहेर सोडायचं. सरकीच्या कच्च्या तेलात ते आणि मेथॅनॉल घातलं की तेलाचं बायोडिझेल होई. त्या यीस्टला मी तान्ह्या पोरासारखं जपलं.

हिंगणघाटचे एक जिनिंगवाले शेठ छोटा प्लांट टाकायला तयार झाले. तो सांभाळायची नोकरी माझी, असं सर म्हणत आले होते. ऐन वेळी ती त्यांनी स्वतःच्या भाच्याला दिली. "तू तं घरचाच आहेस, समजून घेशील," म्हणाले. मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला अजून संताप येतो.

भाचा आधी कॉस्टिक सोडा वापरून बायोडिझेल करायचा. त्यात मेथॅनॉल एकदम ओतलं तरी चालतं. आमच्या एन्झाइमला मात्र ते थोडं थोडं पाजावं लागे. एकदम दिलं की एन्झाइम मरे. सरांनी कित्येक वर्षांत फ्लास्क हातात धरला नव्हता. मेथॅनॉलचं हे पथ्य माहीत होतं ते मलाच.

चाचणीच्या सकाळी सर शेठना "माझं एन्झाइम, माझं एन्झाइम" करत आवारात फिरवत होते. मी एन्झाइम घेऊन गेलो होतो. टाकीजवळ भाच्यानं मला विचारलं, "दादा, मेथॅनॉल सारंच टाकून देऊ ना?"

"टाक," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर टाकीच्या तळाची तोटी उघडली. बायोडिझेल झालं असतं तर आधी त्यातून सुटून खाली बसलेलं ग्लिसरिन यायला हवं होतं. आलं नुसतं तेल. शेठनी बोट बुडवून वास घेतला.

"काऊन हो सर, म्या देल्लं तेच तेल मले वापस देऊन राह्यले का?"

हमाल खो खो हसले. सरांचं तोंड पांढरंफटक पडलं. मी डोळे भरून पाहून घेतलं. मग सर भाच्याकडे वळले. "गधड्या, तुह्या मायनं गयावया केली म्हणून घेतलं तुले! नीघ इथून!"

वर्ध्याला परतताना एसटीत भाचा माझ्याशेजारी बसला होता. सेलू काटे गाव मागे पडलं. मग म्हणाला, "दादा, माह्यंच काई चुकलं असंल, नाई?"

तेव्हाही सांगता आलं असतं. सर त्यांच्या गाडीनं पुढे गेले होते. पण खरं कळलं असतं तर तो तडक मामाकडे गेला असता, मामानं शेठना फोन केला असता, आणि या वेळी मेथॅनॉल थोडं थोडं देत टाकी पुन्हा भरली गेली असती. सरांची ती फजिती मला पुसू द्यायची नव्हती.

"असंल," मी म्हणालो.