हळदीचं बोट

धारूरच्या बसस्टँडसमोर माझं, म्हणजे राधाकिशनचं, चष्म्याचं दुकान आहे. माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी गावभर ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. एकदाच राहिलं, त्याचीच ही गोष्ट.

उत्तरेश्वर माझा मित्र. काचा घासायला तो माझ्याच दुकानात शिकला आणि महिन्याभरात मलाच शिकवायला लागला. काच कोरडी पुसायची नाही, हा त्याचा पहिला धडा. गिऱ्हाईक शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायला लागलं की हा सरळ त्याच्या हातातून काढून घ्यायचा. असल्या आगाऊपणापायी माझी दोन-चार गिऱ्हाइकं तुटली, पण त्याच्या हातातलं कसब कोणाला नाकारता आलं नाही.

त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. वडील गेले, कोयता अर्धा झाला, तेव्हापासून त्याची आई, छबुबाई काकू, गावातच राहिल्या. पण वडिलांचा तो कोयता दर खंडेनवमीला घासूनपुसून पाटावर यायचा. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदीकुंकू, हा काकूंचा नेम. माझ्या काच घासायच्या मशीनलाही त्या दरवर्षी न चुकता बोट लावून जायच्या.

पुढे उत्तरेश्वर पुण्याला एका संस्थेत लागला. तिथे दुर्बिणीला बसवायचा कॅमेरा तयार होत होता. आपल्या डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा उजेड टिपणारा. त्या कॅमेऱ्यातले फिल्टर तपासायचं काम याच्याकडे. एकदा सुट्टीत तो आईला समजावत होता.

"माय, पिठाची चाळणी असती न्हवं? तशी ही उजेडाची. आपल्याला दिसत न्हाई त्योच उजेड आत सोडती, बाकीचा अडवती."

"दिसतच न्हाई त्याला चाळता कावून रे?" काकू म्हणाल्या. मी हसून हसून बेजार झालो. काकूही हसल्या, पण पोराकडे बघत होत्या ते कौतुकानेच.

गेल्या वर्षी कॅमेरा डोंगरावरच्या दुर्बिणीवर पोचला. एक फिल्टर मागे राहिला होता, तो हातात घेऊन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वरने विमानाने निघायचं ठरलं. चार वर्षं ज्या कामात घातली ते तो पहिल्यांदा चालताना बघणार होता. सुट्टीत संस्था बंद, पहाटे कपाट कोण उघडून देणार, म्हणून तो फिल्टरची डबी घेऊनच घरी आला. ही त्याची पहिली चूक.

खंडेनवमीच्या सकाळी तो माझ्याकडे चहाला आला होता. तिकडे घरी काकूंनी पाटावर कोयता मांडला, विळा मांडला, आणि पोराच्या पिशवीतली डबी उघडली. आत तळहाताएवढी काळी, चकचकीत काच. त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. लेकाचं पोट हिच्यावर चालतंय, एवढंच त्यांना ठाऊक. हळदीचं एक बोट लावलं, शेजारी कुंकवाचं एक.

आम्ही दारात आलो आणि उत्तरेश्वर पाटाकडे धावला. त्याने काच उचलली, खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि कुंकवावर खसाखसा घासला. कोरडाच. मी बघत होतो, पण त्याचाच धडा त्याला सांगायचं मला सुचलं नाही.

"अडाणी ती अडाणीच राहिलीस!" तो ओरडला. "जल्मभर कोयता धरला, तुला काय कळणार काचंतलं?"

काकू तबक घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "आता कसं बे?" त्याने मला विचारलं. मीही दीडशहाणा, चष्मेवाल्याच्या ऐटीत म्हणालो, "काचेवरचं कोटिंग गेलं की काच गेली." काकूंनी ते ऐकलं. उत्तरेश्वर न जेवता पुण्याला निघून गेला.

त्याचं जाणं रद्द झालं. दुसरा माणूस राखीव फिल्टर घेऊन गेला.

आठ दिवसांनी मला उत्तरेश्वरचा मेसेज आला. त्याच्या संस्थेतल्या प्रियदर्शनी मॅडमनी ती काच मशीनवर मोजली होती. "राधा, हळदीचा डाग आमच्या उजेडात दिसतच न्हाई. आलेख जसाच्या तसा हाय. धुतला असता तर निघाला बी असता. काच खराब झाली ती मी घासलं तिथं. वरखडे माझे हायेत बे. मायला सांगू नको. दिवाळीला येतो, तिच्या पाया पडून मीच सांगतो."

दुसऱ्याच दिवशी काकू दुकानात आल्या. जुन्या लुगड्याचा धुऊन मऊ केलेला तुकडा, त्यात चिंचेचा गोळा.

"राधाकिशन, चिंचंनं पितळ लई उजळतंय. त्याची काच उजळंल का, इचार की बाबा. माझा फोन उचलीत न्हाई त्यो."

मेसेज माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "दिवाळीला येतोयच की काकू. त्यालाच विचारा."

"येतो म्हणला?"

"येतो."

पुरचुंडी गल्ल्यावर ठेवून त्या गेल्या.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी सडा टाकता टाकता काकू खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत.

उत्तरेश्वर दुपारी पोचला. आईच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ राहिला. मग मला बाजूला लिंबाखाली घेऊन गेला.

"तू सांगितलंस ना बे तिला? मी नको म्हणलतो, पण तुझ्या पोटात कुठं काय ऱ्हातंय?"

त्याचं तोंड बघवत नव्हतं. मी म्हणालो, "सांगितलं."

"काय म्हणली?"

"म्हणल्या, हळदीनं कुठं कुणाचं वाईट होतंय का."

तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं. या खंडेनवमीला त्याने ती बाद झालेली काच कोयत्याशेजारी मांडली आणि येईल त्याला सांगत होता, माय गेली तवा तिला समदं ठाऊक होतं, राधानं सांगितलं होतं. मी मान हलवत होतो. काकूंची पुरचुंडी माझ्या गल्ल्यात आहे. चिंच वाळून दगड झाली आहे. ती त्याला द्यावी असं रोज वाटतं, पण कधी आणि कशाला आणून दिली होती असं त्याने विचारलं तर काय सांगू?