मुक्ताच्या भातावरचं तूप

"हिच्या ताटात तूप कोण वाढतं?" न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी रिपोर्ट मिटत विचारलं.

"मी," मी म्हणालो. जरा अभिमानानेच.

मुलुंडच्या त्या केबिनमध्ये माझी मुलगी मुक्ता शेजारी बसली होती. वय एकोणीस. तिला रेफ्सम डिसीज निघाला होता. दूध, तूप, मटण, मासे यांत फायटॅनिक ॲसिड नावाचा स्निग्ध घटक असतो. आपलं शरीर तो मोडून टाकतं, तिचं मोडू शकत नाही. तो साठत जातो आणि नसा व डोळ्यांचा पडदा बिघडवतो.

"सदोष जनुक आईवडील दोघांकडून येतं. तुमचं लग्न नात्यात झालंय?"

बायको, सुषमा, माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. मी मान खाली घातली.

कबूल करतो. दोन वर्षं मुक्ता संध्याकाळी चौकटीला धडकायची, हातातून कप पडायचे. मी तिला धांदरट म्हणायचो. दूध करपलं तरी तिला वास यायचा नाही, लक्ष मोबाइलमध्ये असतं म्हणून मी ओरडायचो. पाय लटपटू लागले तेव्हा अशक्तपणा समजून तुपाचा दुसरा चमचा सुरू केला. ती नको म्हणायची. संपेपर्यंत मी ताटापाशी उभा राहायचो.

"अंधारातली आणि कडेची गेलेली नजर परत येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आहे ती राखू. पथ्य कडक. आणि उपवास बंद. वजन झपाट्याने उतरलं, की चरबीत साठलेलं रक्तात येतं."

सुषमाने मुक्ताचे सोमवार त्याच दिवशी सोडवले.

सात महिन्यांनी रक्तातलं प्रमाण बरंच उतरलं होतं. पायांत जोर आला होता. तपासणीत नजर होती तशीच निघाली.

"बिघडलं नाही, हीच चांगली बातमी," मॅडम हसल्या.

बाहेर बाकावर मला रडू फुटलं.

"बाबा, कडेचे लोक मला दिसत नाहीत," मुक्ता म्हणाली, "पण ते तुला बघतायत हं!"

तुमच्या घरात कोणी अंधारात धडपडत असेल, वास येत नसेल, तर ओरडण्याआधी डॉक्टरांना दाखवा. मी उशीर केला.

निदानापासून मीही तूप सोडलं होतं. त्या दुपारी मुक्ताने डबा काढला.

"तुझं शरीर मोडतं ना ते? मग नाटकं कशाला?"

तिने चमचा भरून माझ्या भातावर धरला. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"खा," ती म्हणाली, आणि संपेपर्यंत ताटापाशी उभी राहिली.