घाटात न चढणारी गाडी

आम्ही दीपनगरच्या वसाहतीत राहायचो तेव्हाची गोष्ट. माझे यजमान वीज केंद्रात इंजिनियर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी टर्बो डिझेल जीप घेतली आणि माझे रविवार संपले.

सुरुवात अजिंठ्याच्या घाटात झाली. आम्ही माझ्या माहेरी, औरंगाबादला निघालो होतो. चढावर गाडीने अशी मान टाकली की केळीने भरलेला एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. शिवाय त्याच्या क्लीनरने खिडकीतून हात काढून आम्हाला ‘या, या’ केलं. सिल्लोडला यांनी गाडी थांबवून बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, “टर्बो नीट काम करत नाहीये. मी बघतो.”

“दाखवा ना कुणाला तरी.”

“अगं, मी रोज केवढं मोठं टर्बाइन सांभाळतो. हा एवढासा टर्बो मला कळणार नाही?”

पुढच्या रविवारी बॉनेट उघडलं ते उघडंच राहिलं. हवेचा मूळ फिल्टर काढून इंदूरहून मागवलेला दुसरा बसवला. मग सायलेन्सरचा डबा कापून नुसता पाइप ठेवला, कारण म्हणे इंजिनाला श्वास घेता येत नव्हता. शेजारच्या वहिनींनी मला विचारलं, “तुम्ही घरी पिठाची गिरणी टाकली का हो?” माझ्या सासूबाई शिंदखेड्याच्या, अहिराणी बोलणाऱ्या. बाहेर अंगणात पसरलेले नटबोल्ट बघून त्या म्हणाल्या, “बठ्ठी गाडी खोली टाकी रे भाऊ, आते जोडशी का नही?” “सगळी खोलली तशी सगळी जोडणार,” म्हणत यांनी आणखी एक बोल्ट काढला.

मग कुणीतरी सांगितलं की धुळ्याला आग्रा रोडवर एक मिस्त्री आहे, तो डिझेल पंपाचा स्क्रू असा फिरवतो की गाडी उडते. धुळ्याला माझी नणंद असते, तिला भेटायच्या निमित्ताने मलाही बरोबर नेलं. मिस्त्रीने स्क्रू फिरवला, डिझेल जास्त सुटू लागलं, आणि ॲक्सिलरेटरवर पाय पडताच गाडीने काळ्या धुराचा लोट सोडला. हे खूश. “बघ, बघ, कशी ओढतेय!”

पारोळ्याच्या पुढे एका स्कूटरवाल्याला आम्ही मोठ्या ऐटीत ओलांडलं. एरंडोलला चहाला थांबलो, तर तो मागून आला आणि आमच्यासमोर येऊन उभा राहिला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. म्हणजे निघताना पांढरी असावीत. चेहऱ्यावर फक्त चष्म्याच्या जागी दोन गोल स्वच्छ होते.

“साहेब,” तो म्हणाला, “मी पुतणीच्या लग्नाला चाललोय.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी टॉवेल ओला करून त्यांच्या हातात दिला, माफी मागितली, चहा पाजला. आणि यांनी त्यांना काय विचारावं? “पण पिकअप पाहिलात ना तुम्ही?”



त्या उन्हाळ्यात गाडी इतकी तापू लागली की जळगावला जाऊन येताना मध्ये पाणी ओतावं लागे. अखेर मीच हट्ट धरला आणि जळगावच्या वर्कशॉपमध्ये सगळं होतं तसं करून घेतलं. पंप, फिल्टर, सायलेन्सर, सगळं. हे चार दिवस रुसले. पाचव्या दिवशी म्हणाले, “आता एकच उपाय उरला. वजन कमी करायचं.” आणि मागच्या दाराला लावलेली स्टेपनी एकट्याने उतरवायला गेले. कमरेत अशी उसण भरली की तिथेच ओणवे राहिले. त्यांना मी आणि सासूबाईंनी धरून आत आणलं.

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी म्हटलं, “मी गाडी घेऊन जाते.” लायसन माझ्याकडे होतं, भुसावळच्या ड्रायव्हिंग स्कूलचं शिक्षणही होतं. फक्त हे कधी हात लावू देत नसत. क्लच जाळशील, म्हणत.

“मग मी पण येतो,” हे म्हणाले. कमरेला पट्टा बांधून, उशी घेऊन, शेजारी येऊन बसले.

फर्दापूर सोडलं आणि घाट लागला. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. चढावर गिअर बदलताना गाडी मागे जाईल या भीतीने मी गिअर बदललाच नाही, दुसराच ठेवला. इंजिनाचा आवाज वाढला.

“गिअर टाक! डिझेल खातेय ती! तिसरा टाक!”

“गप्प बसा,” मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे म्हणाले असेन.

आवाज आणखी चढला आणि अचानक कुणीतरी मागून ढकलावं तशी गाडी पुढे झाली. पाठ सीटला टेकली. पुढे भरलेला ट्रक होता. समोरचा रस्ता मोकळा दिसला तशी मी हॉर्न देऊन त्याला ओलांडलं. आम्ही घाटमाथ्यावर येईपर्यंत तो आरशात बारीक झाला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. डिझेल वाचवायच्या नादात हे चढावरही घाईघाईने वरचा गिअर टाकत, आणि इंजिनाचा वेग पडला की टर्बो काम करेनासा होई. गाडीत काहीच बिघडलेलं नव्हतं. कधीच नव्हतं.

वर मी गाडी बाजूला घेतली. यांच्याकडे बघितलं. हे काचेतून समोर बघत होते.

“मी परवा फिल्टर झटकला होता ना,” ते म्हणाले, “त्याचा गुण आला.”

मी दार उघडून खाली उतरले आणि थोडा वेळ वाऱ्यात उभी राहिले. नाहीतर मी काय बोलले असते देव जाणे.

वडिलांचं ऑपरेशन छान झालं. डोळ्यावर पट्टी बांधून ते पडले होते आणि हे त्यांच्या शेजारच्या खाटेवर, कमरेमुळे, आडवे. अर्धा तास हे त्यांना टर्बो समजावून सांगत होते. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“घाट चढवला कुणी?” त्यांनी विचारलं.

“चढवला हिनेच,” हे म्हणाले, “पण तुम्ही मुद्दा लक्षात घ्या...”